किंकाळी कोणाची? : एडवर्ड मुंक यांचे जगप्रसिद्ध चित्र आणि किंकाळीवाचक शब्दांचे दैनंदिन उपयोजन

१. प्रस्तावना

नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक (१८६३-१९४४) यांचे १८९३ मधील एक चित्र आज जगातील सर्वाधिक परिचित चित्रांपैकी एक मानले जाते. नॉर्वेजियन भाषेत त्याचे नाव ‘स्क्रिक’ असे आहे. इंग्रजीत ते ‘द स्क्रीम’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि मराठीत त्याचा उल्लेख बहुधा ‘किंकाळी’ असा केला जातो. चित्राच्या मध्यभागी उघड्या तोंडाची, दोन्ही हात चेहऱ्याच्या बाजूंना घट्ट धरलेली एक आकृती आहे. शीर्षक वाचून चित्राकडे पाहणारा प्रेक्षक सहजच असा निष्कर्ष काढतो की, ही आकृती किंचाळत आहे. पाठ्यपुस्तकांतून, भित्तिचित्रांतून व व्यंगचित्रांतूनही हाच अर्थ पुढे चालत आला आहे.

तथापि मुंक यांनी स्वतः लिहून ठेवलेला मजकूर, चित्राची रचना आणि शीर्षकातील शब्दाचे त्या त्या भाषेतील व्यवहार एकत्र तपासले असता हा निष्कर्ष अपुरा ठरतो. किंकाळी कोणी फोडली, ती कोणी ऐकली आणि तिला नाव कोणी दिले, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. दैनंदिन भाषेत मात्र ते एकमेकांत मिसळतात. प्रस्तुत लेखात मुंक यांचे चित्र आणि किंकाळीवाचक शब्दांचे नित्याचे उपयोग यांचा एकत्र विचार करून, किंकाळीचा अर्थ मोठ्या प्रमाणात ऐकणारा ठरवतो, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. कला, भाषा, मानसशास्त्र आणि सामाजिक शास्त्रे यांचे अध्यापन करणाऱ्यांना हा विषय समान आस्थेचा वाटेल, अशी अपेक्षा आहे.

२. चित्र आणि त्याच्या प्रती

मुंक यांचे बालपण आजारपण आणि मृत्यू यांच्या सान्निध्यात गेले. १८६८ मध्ये त्यांच्या आईचे आणि १८७७ मध्ये थोरली बहीण सोफी हिचे क्षयरोगाने निधन झाले. लाउरा नावाच्या धाकट्या बहिणीला मानसिक आजारामुळे रुग्णालयात राहावे लागले. वडील लष्करी वैद्यक होते. त्यांचे १८८९ मध्ये निधन झाले. प्रेम, भय, आजार व मृत्यू या विषयांवरील आपल्या चित्रांची मुंक यांनी ‘जीवनपट’ या अर्थाच्या शीर्षकाखाली एक मालिका कल्पिली. प्रस्तुत चित्र याच मालिकेचा भाग होय.

या चित्राची एकच मूळ प्रत आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात मुंक यांनी हा विषय रंगांत चार वेळा हाताळला. १८९३ मध्ये एक खडूंनी काढलेली आणि एक रंगवलेली अशा दोन प्रती झाल्या. १८९५ मध्ये पेस्टल प्रत तयार झाली आणि १९१० च्या सुमारास आणखी एक रंगवलेली प्रत सिद्ध झाली. याशिवाय १८९५ मध्ये लिथोग्राफ, म्हणजे शिलामुद्रित प्रतीही छापण्यात आल्या. कृष्णधवल रेषांच्या या मुद्रणामुळे चित्राचा प्रसार युरोपभर झाला. सर्वांत परिचित अशी १८९३ ची रंगवलेली प्रत कार्डबोर्डवर असून तिचा आकार ९१ × ७३.५ सेंटिमीटर आहे. ती ओस्लो येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

चित्रातील स्थळ काल्पनिक नाही. तेव्हाचे क्रिस्तियानिया, म्हणजे १९२५ पासूनचे ओस्लो, या शहरालगतच्या एकेबर्ग टेकडीवरील हा रस्ता आहे. रस्त्याला कठडा आहे, खाली फ्योर्ड म्हणजे समुद्राचा आत शिरलेला चिंचोळा फाटा आहे आणि त्यावर दोन लहान जहाजे आहेत. आकाश नारिंगी-तांबड्या लाटांनी भरलेले आहे. डाव्या बाजूला, रस्त्याच्या दूरच्या टोकाला दोन माणसे दिसतात. या दोन माणसांकडे सामान्य प्रेक्षकाचे लक्ष फारसे जात नाही. पुढील विवेचनात मात्र त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

३. किंकाळी कोणाची?

२२ जानेवारी १८९२ रोजी नीस येथे असताना मुंक यांनी आपल्या रोजनिशीत एका संध्याकाळची आठवण लिहून ठेवली. तिचा आशय असा : ते दोन मित्रांसह रस्त्याने चालले होते. सूर्य मावळत होता. एकाएकी आकाश रक्तासारखे लाल झाले. ते थांबले आणि अतिशय थकवा जाणवल्यामुळे कठड्याला टेकले. मित्र पुढे चालत राहिले. ते मात्र भयाने थरथरत तेथेच उभे राहिले आणि निसर्गातून एक प्रचंड, अनंत किंकाळी जात असल्याचे त्यांना जाणवले.

या आठवणीत किंकाळी मुंक यांची नाही. ती निसर्गाची आहे. मुंक तिचे श्रोते आहेत. १८९५ च्या लिथोग्राफवर त्यांनी जर्मन भाषेत याच आशयाची ओळ छापली असून त्याच वर्षीच्या पेस्टल प्रतीच्या चौकटीवरही हा मजकूर आढळतो. २०१९ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मुंक यांच्या मुद्राचित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा या जर्मन ओळीकडे पुन्हा लक्ष वेधण्यात आले आणि आकृती किंचाळत नसून किंकाळी ऐकत आहे, हा अर्थ ठळकपणे मांडला गेला.

चित्राची रचनाही या अर्थाला पुष्टी देते. आकाश, पाणी व जमीन यांच्या रेषा वक्र आणि लाटांसारख्या आहेत. मधल्या आकृतीचे शरीरही त्याच लयीत वाकले आहे. याउलट रस्ता, कठडा आणि मागील दोन माणसे सरळ रेषांत आहेत. निसर्गातून जाणारा कंप मधल्या आकृतीत शिरला आहे. मागील दोघांना त्याचा स्पर्शही झालेला नाही. आकृतीचे हात गालांवर टेकलेले नसून कानांच्या जागी दाबलेले आहेत. स्वतः ओरडणाऱ्या माणसापेक्षा असह्य आवाज टाळू पाहणाऱ्या माणसाला ही मुद्रा अधिक शोभते.

मुंक यांनी १८९२ मध्ये याच प्रसंगावर ‘निराशा’ या अर्थाचे शीर्षक असलेले एक चित्र काढले होते. त्यातही तांबडे आकाश, कठडा आणि दूर जाणारी माणसे आहेत. पुढील बाजूस मात्र टोपी घातलेला एक पुरुष खाली पाहत उभा आहे. त्याचे तोंड मिटलेले आहे. तो केवळ अनुभव घेणारा आहे. पुढील वर्षीच्या चित्रात या पुरुषाच्या जागी समोर तोंड केलेली, लिंग व वय न सांगता येणारी आकृती आली आणि तिचे तोंड उघडले.

हे उघडलेले तोंड दुर्लक्षिता येणार नाही. त्यामुळे ‘आकृती मुळीच किंचाळत नाही’ असे ठामपणे म्हणणे हाही अतिरेक होईल. बाहेरची किंकाळी ऐकून ती आकृतीच्या तोंडातूनही फुटू पाहत आहे, असा अर्थ घेणे अधिक सयुक्तिक वाटते. येथे ऐकणे आधी आहे आणि किंचाळणे, असलेच तर, त्यानंतरचे आहे. प्रचलित समजुतीने हा क्रम उलटा केला आहे.

४. युरोपीय भाषांतील दैनंदिन उपयोग

शीर्षकातील शब्द प्रत्येक भाषेत थोडा वेगळा व्यवहार करतो. नॉर्वेजियन ‘स्क्रिक’ या नामाला निश्चितार्थ दाखवायचा असल्यास प्रत्यय लागतो. चित्राच्या प्रचलित नावात तो नाही. ‘स्क्रिक’ म्हणजे केवळ किंकाळी. ती अमुक एकीच किंवा अमुक एकाची असे त्यातून सूचित होत नाही. इंग्रजीने मात्र शीर्षकाला ‘द’ हे निश्चयवाचक उपपद जोडले. ‘ती किंकाळी’ म्हटले की ती कोणाची हे ठरवावेसे वाटते आणि समोर उघडे तोंड दिसत असल्याने निर्णय लगेच होतो. मराठीत असे उपपद नसल्यामुळे ‘किंकाळी’ हे भाषांतर या बाबतीत मूळ शीर्षकाच्या अधिक जवळ जाते.

जर्मन भाषेत आणखी एक भेद आहे. ‘श्राय’ म्हणजे एक किंकाळी, तर ‘गेश्राय’ म्हणजे सतत चाललेला आकांत किंवा गलका. लिथोग्राफवर मुंक यांनी ‘गेश्राय’ हा शब्द वापरला आहे. एका गळ्यातून निघणाऱ्या आवाजापेक्षा सर्वत्र भरून राहिलेल्या आकांताला तो जवळचा आहे. हाच शब्द जर्मनांच्या रोजच्या बोलण्यात मात्र उपहासानेही येतो. ‘गलका फार, लोकर थोडी’ या अर्थाची त्यांची म्हण आपल्या ‘गर्जेल तो पडेल काय’ या म्हणीची आठवण करून देते.

नॉर्वेजियनमध्ये तान्ह्या मुलाचे रडणे सांगण्यासाठीही ‘स्क्रिक’ या नामाशी संबंधित क्रियापदच वापरतात. दुसऱ्या टोकाला, ‘शेवटची किंकाळी’ असा शब्दशः अर्थ असलेला वाक्प्रचार ‘अगदी अद्ययावत फॅशन’ या अर्थाने तेथे रूढ आहे. फ्रेंच व जर्मन भाषांतही हाच वाक्प्रचार आहे. इंग्रजीत अतिशय गमतीदार माणसालाच ‘स्क्रीम’ म्हणतात. हसून किंचाळणे, वर्तमानपत्रातील मथळ्यांनी किंचाळणे, हेही तेथील नेहमीचे प्रयोग होत. भीती, भूक, हसू, फॅशन आणि जाहिरात अशा परस्परांपासून दूर असलेल्या अनुभवांना एकच शब्द पुरवला गेला आहे.

यांपैकी एक प्रयोग चित्राच्या आकलनासाठी विशेष उपयुक्त आहे. नॉर्वेजियन आणि जर्मन भाषांत भडक रंगांना ‘किंचाळणारे रंग’ असे म्हणतात. मुंक यांनी या चित्राविषयी लिहिताना ढग खऱ्या रक्तासारखे रंगवल्याचे आणि रंग किंचाळत असल्याचे नमूद केले आहे. नॉर्वेजियन वाचकाला हा रोजच्या बोलण्यातला, झिजलेला प्रयोग होता. मुंक यांनी तो शब्दशः घेतला. मराठी वाचकाला येथे किंचित अडखळायला होते, कारण मराठीत रंग किंचाळत नाहीत. ते ‘भडक’ असतात किंवा ‘डोळ्यांत खुपतात’. ‘भडक’ या शब्दामागे आगीचे भडकणे आहे, आवाज नाही. चित्रातील तांबड्या आकाशाला ध्वनी का आहे, हे विद्यार्थ्यांना समजावताना हा भाषिक भेद सांगणे आवश्यक ठरते.

५. मराठीतील किंकाळीवाचक शब्द

मराठीत मोठ्याने काढलेल्या आवाजासाठी एकच व्यापक शब्द पुरत नाही. किंकाळी, आरोळी, हाक, हाळी, टाहो, हंबरडा, आक्रोश, आकांत, चीत्कार, ओरड, बोंब असे अनेक शब्द असून प्रत्येकाचा प्रसंग ठरलेला आहे. ‘किंकाळी’ तीक्ष्ण व आकस्मिक असते आणि ती बहुधा भय किंवा वेदना सूचित करते. ‘हंबरडा’ हा शोकाचा आवाज होय. गाईच्या हंबरण्याशी त्याचे नाते उघड आहे आणि म्हणूनच अपत्यवियोगाच्या प्रसंगी तो विशेष सार्थ वाटतो. ‘टाहो’ मध्ये याचना आहे. भक्तिपर वाङ्मयात ईश्वराला आळवताना तो येतो. ‘आरोळी’ दूरवर पोहोचवण्यासाठी असते. फेरीवाला, राखणदार आणि सैनिक आरोळी देतात.

या नामांबरोबर येणारी क्रियापदेही लक्षणीय आहेत. किंकाळी, टाहो आणि हंबरडा हे तिन्ही आपण ‘फोडतो’. आत कोंडलेले काही तरी आवरेनासे होऊन बाहेर पडते, असे या क्रियापदातून सूचित होते. आरोळी व हाक मात्र ‘देतो’, ‘मारतो’ किंवा ‘ठोकतो’. त्यांना दिशा आणि लक्ष्य असते. आक्रोश ‘करतो’. म्हणजे आवाज आवरता न आल्याने निघाला की कोणाला तरी उद्देशून काढला, हा भेद मराठी भाषा क्रियापदातूनच नोंदवते.

ऐकण्याच्या बाबतीतही मराठीची रचना अर्थपूर्ण आहे. ‘मी किंकाळी ऐकली’ याबरोबरच ‘मला किंकाळी ऐकू आली’ असेही आपण म्हणतो. दुसऱ्या वाक्यात ऐकणारा कर्ता नाही. किंकाळी त्याच्याकडे ‘येते’. मुंक यांच्या अनुभवाची मांडणी याच प्रकारची आहे. त्यांनी किंकाळी शोधली नाही. ती त्यांना जाणवली. सोबतच्या दोघांना ती ऐकू आली नाही.

‘आक्रोश’ हा शब्द संस्कृत ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे, हाक मारणे या धातूपासून आला आहे. त्याच धातूपासून ‘क्रोश’ हा शब्द झाला. त्याचा पहिला अर्थ आरोळी असा असून, हाक जेथवर ऐकू जाईल तेवढे अंतर असा दुसरा अर्थ त्यातून निघाला. अंतराचे माप म्हणून रूढ झालेला हा ‘क्रोश’ म्हणजेच आपला ‘कोस’. पुढे त्याचे सुमारे दोन मैल असे परिमाण मानले गेले. परंतु मूळ कल्पना आवाजाच्या पोहोचीची आहे. आरोळीची व्याप्ती मोजताना भाषेने ओरडणाऱ्याच्या फुप्फुसांची ताकद प्रमाण मानली नाही, ऐकणाऱ्याचा कान प्रमाण मानला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

याच संदर्भात ‘अरण्यरुदन’ हा शब्द पाहावा. ऐकणारा कोणीच नसताना केलेला, म्हणून व्यर्थ गेलेला आक्रोश, असा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे. समासाचा विग्रह ‘अरण्यातील रुदन’ असा होतो. मुंक यांच्या चित्रात नेमकी उलट स्थिती आहे. तेथे ‘अरण्याचे रुदन’ आहे. रडणारा निसर्ग आहे आणि एक माणूस ते ऐकतो आहे. सप्तमीच्या जागी षष्ठी घेतली की चित्राचा आशय हाती येतो. ‘किंकाळी’ हे शीर्षक कायम ठेवूनही ही गोष्ट वर्गात एका वाक्यात समजावता येण्यासारखी आहे.

६. ऐकणाऱ्याने दिलेली नावे

आतापर्यंत पाहिलेले शब्द आवाज काढणाऱ्याची अवस्था सांगतात. मराठीत शब्दांचा दुसराही एक गट आहे. त्यात ऐकणाऱ्याचा निवाडा मिसळलेला असतो. ‘ओरड’ हा शब्द पाहू. ‘पाणीटंचाईची ओरड’ असे वृत्तपत्रात छापून येते, तेव्हा त्याचा अर्थ तक्रार एवढाच असतो. त्याला ‘नुसती’ हे विशेषण लागले की तक्रार निराधार ठरते. ‘आई ओरडेल’ यात ओरडणे म्हणजे रागावणे. ‘बोंब’ हा मूळचा शिमग्यातला, तोंडावर पालथा हात मारून काढलेला आवाज. ‘सगळीकडे पैशांची बोंब आहे’ यात तो अभावाचा वाचक होतो, तर ‘कशाला बोंबलतोस?’ यात तुच्छतेचा. ‘कांगावा’ या शब्दात तर आक्रोश खोटा असल्याचा निर्णय आधीच दिलेला असतो.

एखाद्या वस्तीतील स्त्रिया पाण्यासाठी कार्यालयासमोर जमल्या, तर त्यांच्या आवाजाला कोणी आक्रोश म्हणेल, कोणी ओरड, कोणी आरडाओरडा आणि कोणी कांगावा. आवाज तोच आहे. बदलले आहे ते ऐकणाऱ्याचे त्याच्यापासूनचे अंतर. ‘आक्रोश मोर्चा’ किंवा ‘बोंबाबोंब आंदोलन’ अशी नावे आंदोलक स्वतः घेतात, त्यामागे हेच भान असावे. आपल्या आवाजाला दुसऱ्याने नाव देण्यापूर्वी आपणच ते द्यावे, असा हा प्रयत्न आहे. मात्र वारंवार वापराने ही नावेही झिजतात. दर आठवड्याला आक्रोश होऊ लागला की तो शब्द वाचणाऱ्याच्या मनात काही हलवीत नाही.

मुंक यांच्या चित्रालाही अशा निवाड्याला सामोरे जावे लागले. १८९३ च्या रंगवलेल्या प्रतीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले एक बारीक वाक्य आहे. हे चित्र एखाद्या वेड्यानेच काढलेले असू शकेल, असा त्याचा आशय. संतापलेल्या एखाद्या प्रेक्षकाने ते लिहिले असावे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. २०२१ मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने अवरक्त छायाचित्रणाच्या आधारे ते अक्षर मुंक यांच्या पत्रांतील व रोजनिशीतील अक्षराशी ताडून पाहिले आणि ते वाक्य मुंक यांनीच लिहिले असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. त्याची पार्श्वभूमी १८९५ मधील असावी, असे संग्रहालयाचे मत आहे. त्या वर्षी क्रिस्तियानियात मुंक यांचे प्रदर्शन भरले असता विद्यार्थी संघटनेच्या एका सभेत योहान शार्फेनबर्ग या वैद्यकीय विद्यार्थ्याने या चित्रांवरून चित्रकाराच्या मानसिक स्वास्थ्याविषयी शंका व्यक्त केली होती. बहिणीचा आजार ज्यांच्या घरात होता, त्या मुंक यांना हे बोल लागले असल्यास नवल नाही. निसर्गाची किंकाळी ऐकल्याचे सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यांनी ‘वेडा’ हे नाव दिले आणि चित्रकाराने ते नाव त्याच चित्रावर नोंदवून ठेवले.

येथे मराठीतील एक वाक्प्रचार विचारात घेण्याजोगा आहे. ‘कानांवर हात ठेवणे’ म्हणजे आपल्याला काही ठाऊक नाही, आपला संबंध नाही, असे दाखवणे. चित्रात कानांवर हात ठेवलेली आकृती प्रत्यक्षात एकटीच सर्व काही ऐकत आहे. ज्यांचे हात मोकळे आहेत, ते दोघेच वाक्प्रचाराच्या अर्थाने कानांवर हात ठेवून पुढे चालले आहेत. मराठी प्रेक्षकाने या चित्राचे वाचन करताना हा वाक्प्रचार आठवला, तर त्या दोन दूरच्या आकृतींचे महत्त्व त्याला आपोआप कळेल.

७. ध्वनिविज्ञानाची साक्ष

किंकाळी इतर आवाजांहून वेगळी का वाटते, याचा शास्त्रीय अभ्यास अलीकडे झाला आहे. ल्युक आर्नाल, डेव्हिड पेपेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार किंकाळीचे वैशिष्ट्य केवळ तिच्या मोठेपणात किंवा उंच स्वरात नसून तिच्या ‘खरखरीतपणात’ आहे. सामान्य बोलण्यात आवाजाची तीव्रता सेकंदाला चार-पाच वेळा कमीजास्त होते. किंकाळीत हा चढउतार सेकंदाला सुमारे ३० ते १५० वेळा होतो. धोक्याची सूचना देणाऱ्या भोंग्यांतही हाच गुण आढळतो. असा आवाज ऐकताना मेंदूतील भयाशी संबंधित अमिग्डाला हा भाग अधिक उद्दीपित होतो.

यावरून किंकाळी ऐकताच तिचा अर्थ आपोआप कळतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. झुरिक येथील साशा फ्रूहोल्झ व सहकाऱ्यांच्या २०२१ मधील अभ्यासाने मात्र हे चित्र काहीसे गुंतागुंतीचे केले. वेदना, क्रोध, भय, सुख, दुःख आणि आनंद अशा सहा प्रकारच्या किंकाळ्या ऐकवल्या असता श्रोत्यांनी संकटसूचक किंकाळ्यांपेक्षा आनंदासारख्या किंकाळ्या अधिक जलद आणि अचूकपणे ओळखल्या. म्हणजे खरखरीत आवाज कानाला दचकवतो हे खरे. पण त्यातले संकट ओळखणे हे वेगळे कार्य आहे आणि ते तितक्या सहजतेने घडत नाही. भाषेच्या निरीक्षणातून जे दिसले, त्याला हा निष्कर्ष पूरक आहे.

८. चित्र नित्यव्यवहारात उतरते तेव्हा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र संग्रहालयाबाहेर पडले. १९८४ मध्ये अँडी वॉरहॉल यांनी मुंक यांच्या मुद्राचित्रांवर आधारित छापे तयार केले. १९९६ च्या ‘स्क्रीम’ या अमेरिकी भयपटातील मुखवट्याने तो चेहरा तरुण पिढीपर्यंत नेला. १२ फेब्रुवारी १९९४ रोजी, लिलेहामर हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, १८९३ ची प्रत चोरीला गेली आणि मे महिन्यात परत मिळाली. २२ ऑगस्ट २००४ रोजी मुंक संग्रहालयातून १९१० च्या सुमाराची प्रत शस्त्रांचा धाक दाखवून पळवण्यात आली. ती ३१ ऑगस्ट २००६ रोजी सापडली, तेव्हा तिला ओलाव्यामुळे हानी पोहोचली होती. २ मे २०१२ रोजी न्यूयॉर्क येथे पेस्टल प्रत सुमारे ११ कोटी ९९ लाख डॉलरना विकली गेली. लिलावात कलाकृतीला मिळालेली ती तोपर्यंतची सर्वाधिक किंमत होती.

२०१० मध्ये युनिकोडच्या प्रमाणित संचात समाविष्ट झालेले, गालांवर हात आणि उघडे तोंड असलेले भावचिन्ह आज मराठी भाषकही रोज वापरतात. टोमॅटोचे भाव, परीक्षेचे वेळापत्रक, क्रिकेटचा निकाल अशा कोणत्याही विषयावर ते पाठवले जाते. त्याचे अधिकृत नाव ‘भयाने किंचाळणारा चेहरा’ अशा अर्थाचे आहे. मुंक यांच्या मजकुरातील निसर्ग येथे पूर्णपणे लोपला. तांबडे आकाश गेले, रस्ता गेला, ते दोन सोबतीही गेले. राहिला तो केवळ चेहरा. ज्या संदर्भामुळे किंकाळी कोणाची हा प्रश्न निर्माण होत होता, तो संदर्भच काढून टाकल्यावर प्रश्नही उरला नाही.

९. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. एक, मुंक यांच्या चित्राचा मूळ विषय किंचाळणारा माणूस नसून किंकाळी ऐकणारा माणूस आहे. त्याचे उघडे तोंड हा ऐकण्याचा परिणाम आहे. दोन, शीर्षकातील शब्दाच्या रोजच्या उपयोगांनी व भाषांतरांनी हा क्रम झाकला गेला असला, तरी त्याच शब्दांच्या इतिहासात तो पुन्हा शोधता येतो. तीन, मराठीतील ‘कोस’, ‘अरण्यरुदन’, ‘कानांवर हात ठेवणे’ आणि ‘कांगावा’ ही उदाहरणे दाखवतात की आवाजाचा अर्थ आणि त्याची प्रतिष्ठा ठरवण्यात ऐकणाऱ्याचा वाटा निर्णायक असतो.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक साधी पद्धत सुचवता येईल. हे चित्र वर्गात दाखवताना शीर्षक आधी सांगू नये. ‘या चित्रात आवाज कोठून येत आहे?’ असा प्रश्न विचारून विद्यार्थ्यांना रेषा, रंग आणि दूरच्या दोन आकृती यांच्याकडे पाहू द्यावे. त्यानंतर नॉर्वेजियन, जर्मन व मराठी शब्द समोर ठेवावेत. चित्रकलेचा आणि भाषेचा तास येथे एकच होऊ शकतो.

हा प्रश्न केवळ चित्रापुरता नाही. महाविद्यालयाच्या परिसरात, कुटुंबात आणि सार्वजनिक जीवनात उमटणाऱ्या आवाजांना ओरड, कांगावा, वेड किंवा आक्रोश यांपैकी कोणते नाव द्यायचे, हे आपण रोज ठरवत असतो. विद्यार्थ्याचे गप्प होणे किंवा अवेळी संतापणे यालाही आपण काही तरी नाव देतोच. मुंक यांच्या चित्रातील ते दोन सोबती दुष्ट नाहीत. ते त्याच रस्त्यावर, काही पावलांच्या अंतरावर आहेत. तरीही किंकाळी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही. आरोळी ऐकू येण्याच्या अंतराला पूर्वजांनी कोस म्हटले. त्या मापाने पाहिले तर हे दोघे आपल्या मित्रापासून कोसाहून अधिक दूर गेले आहेत.